हळू जागा होणारा संगणक

मित्रांनो, मी लातूरजवळच्या मुरुडमधल्या एका घरातला जुना संगणक आहे. माझं टेबल बाळाच्या पाळण्याला लागूनच आहे, आणि त्या शेजारापायी मी एकदा घराबाहेर जाता जाता राहिलो.

माझे सुटे भाग कुठून कुठून आले, ते मलाही ठाऊक नाही. लातूरच्या एका दुकानात ते जोडले आणि मी झालो. अंजूच्या वडिलांनी मला लेकीसाठी घेतलं. माझ्यावरच ती टायपिंग शिकली. तिच्या लग्नात तर लाडू-चिवड्याच्या ताटांशेजारी मला रुखवतात मांडलं होतं. बायका वाकून वाकून बघत होत्या. मी केवढा फुगलो होतो म्हणून सांगू.

सासरी अंजू लग्नपत्रिका करू लागली. गावाला तिचं काम आवडायचं. मग शिवांश झाला. आता तो झोपेल तेवढीच दुपार तिच्या हाती उरली. आणि नेमकी दुपारीच वीज जायची. ती आली की मला नव्याने सुरू व्हावं लागे. सुरू होताना माझा प्रोसेसर, म्हणजे माझा मेंदू, सगळा जोर एकदम लावायचा. तो तापायचा, त्याला गार करायला पंखा घरघरायचा, आणि शिवांश दचकून रडायला लागायचा.

अंजूच्या सासूबाईंनी, नागम्मांनी, एकदा मायेनेच बाळाची वाकळ माझ्या अंगावर घातली. पांघरूण घातलं की गप बसतंय, म्हणाल्या. मित्रांनो, त्या वाकळीत माझा जीव घुसमटला. मी आणखी तापलो, आणखी घरघरलो आणि बंदच पडलो. पत्रिका अर्धी राहिली.

"लेकराची झोप मोडून कसलं काम?" नागम्मा म्हणाल्या. "इकून टाक ती मशीन."

अंजूने माझ्यावरची धूळ पुसली आणि लातूरला संगणकाच्या दुकानात असलेल्या दिराला, संगमेशला, फोन लावला. तो हसून म्हणाला, "वैनी, तुमचा हा बैल दावं सुटल्यासारखा उठायलाय."

मी पुरता जागा होण्याआधी माझ्या आतलं एक पान उघडता येतं. उठताना प्रोसेसरने किती ताकद लावायची, ते तिथे ठरवता येतं. संगमेश फोनवर सांगत गेला आणि अंजूने ती ताकद कमीत कमीवर आणली. नंतर कामाला लागेल तेवढा जोर मात्र मला मोकळा ठेवला. उठायला थोडा वेळ लागेल, एवढंच.

दुसऱ्या दुपारी वीज आली. नागम्मा पाळण्याची दोरी धरून माझ्याकडेच रोखून बघत होत्या. अंजूने बटण दाबलं. झोपलेल्या लेकराच्या मानेखालून आई हात काढून घेते ना, तसा मी हळूहळू जागा झालो. पंखा नुसता कुजबुजला. शिवांशने ओठ हलवले, कूस बदलली आणि पुन्हा झोपला.

नागम्मांनी बराच वेळ वाट पाहिली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "कर तुझी पत्रिका. म्या हाय इथं."

तेव्हापासून मी मजेत आहे. मित्रांनो, जुनं यंत्र कुरकुरलं म्हणून लगेच विकायला काढू नका. आमच्यावर धूळ साचू देऊ नका, पांघरूण तर मुळीच नको. फक्त उठायला जरा सवड द्या. पुढचं काम आम्ही आनंदाने करू.