फक्त हात

"चेहरा नको, सिस्टर. फक्त हात दिसले पाहिजेत," व्हिडिओवाला म्हणाला.

सिस्टरांनी पावडर लावलेला चेहरा माझ्याकडे वळवला. "ऐकलंस ना गं? सकाळपासून आरशासमोर होते मी. सासूबाईंनी विचारलंसुद्धा, लग्न कुणाचं आहे म्हणून."

मी हसले, पण नजर काचेच्या पेटीवरच होती. माझं बाळ वेळेआधी जन्मलेलं. नाकातल्या नळीतून पंप त्याला थेंब थेंब दूध द्यायचा. पंप वाजला की मी स्टुलावरून ताडकन उठायचे, आणि वाजला नाही की बंद तर पडला नाही ना, असं वाटायचं.

आम्ही आया सिस्टरांना आपापसात 'लाउडस्पीकर' म्हणायचो. त्या दारातून आत यायच्या आधी त्यांचा आवाज आत आलेला असायचा. पंपासोबत आलेलं जाडजूड पुस्तक इंग्रजीत होतं आणि ते कपाटात कुलूपबंद. त्यामुळे कुठल्याही वॉर्डात पंप बोंबलला की लाउडस्पीकरलाच हाक. आता प्रत्येक मशीनवर एक चौकोनी स्टिकर लागणार होतं. त्यावर वॉर्डातला टॅब धरला की मशीन कसं लावायचं ते मराठीत दिसणार, ऐकू येणार. हात सिस्टरांचे, आवाजही त्यांचाच.

"वर्षानुवर्षं करारावर राबतेय," हात धुताना त्या मला हळू आवाजात म्हणाल्या होत्या. त्यांचा हळू आवाज म्हणजे आपला नेहमीचा. "हे काम नीट झालं की या खेपेला कायम करणार. मेट्रन मॅडम स्वतः बोलल्यात."

म्हणून तर पावडर.

शूटिंग सुरू झालं. सिरिंज खाचेत बसवली, चाप लावला, नळीतली हवा काढली. बोलणं सावकाश, एकेक शब्द सुटा. बटणावर बोट ठेवलं आणि सवयीने पेटीकडे वाकून म्हणाल्या, "काय रे राजा, जेवायचं ना?" मग बटण दाबलं.

"हे कापावं लागेल," व्हिडिओवाला म्हणाला.

"राहू दे, गोड वाटतंय," मेट्रन मॅडम म्हणाल्या आणि आत्ताच काढलेला व्हिडिओ टॅबवर लावून तो माझ्या हातात दिला. "तुम्ही शिकलेल्या आहात, पण यातलं काही येत नाही ना? त्या रिकाम्या पंपावर करून बघा. तुम्हाला जमलं तर कुणालाही जमेल."

मला पहिल्या फटक्यात जमलं. सिस्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघा मॅडम! शिकवणारी कोण आहे!"

मॅडम माझ्या हातांकडे बघत होत्या. "खरंच सोपं झालंय," त्या म्हणाल्या.

महिना संपला त्या दिवशी सिस्टर हातात पुष्पगुच्छ घेऊन पेटीपाशी आल्या.

"झालात कायम?" मी विचारलं.

"कमी केलं." गुच्छाभोवतीचा चुरचुरणारा कागद त्या नीट करत राहिल्या. "करार वाढवणार नाहीत. मॅडम म्हणाल्या, इतकं सोपं करून सांगितलंत की आता कुणालाही येईल. कौतुक केलं गं माझं, सगळ्यांसमोर. लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. मी त्याचा व्हिडिओपण काढून दिला."

माझ्या तोंडून निघालं, "मग बाळाचं काय?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाळाचं काय व्हायचंय? टॅब आहे ना." गुच्छ त्यांनी माझ्या स्टुलावर ठेवला. "हा तूच ठेव. घरी कशाला नेऊ? सासूबाई विचारतील, कशाबद्दल मिळाला."

जाताना त्या पेटीकडे वाकल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी नवी मुलगी आली. तीही करारावरच. हात स्वच्छ, बोलणं मऊ, नाव ठेवायला जागा नाही. तिने स्टिकरवर टॅब धरला आणि वॉर्डभर तो आवाज घुमला. पलीकडची एक आई दाराकडे बघायला लागली. टॅबमध्ये ते दोन हात सिरिंज बसवत होते, आणि त्यांच्यामागोमाग ही आपले हात चालवत होती. कुठे अडली नाही. पंप बिनचूक चालू झाला. मी देवाचे आभार मानले आणि मग माझीच मला लाज वाटली.

"काय रे राजा, जेवायचं ना?" टॅब म्हणाला.

पेटीत बाळाने मान वळवली. डोळे मोठे केले आणि आवाजाच्या दिशेने शोधत राहिलं.

पुढच्या दुधाच्या वेळी ती त्या वाक्यापाशी आली आणि तिने बोटाने व्हिडिओ पुढे सरकवला.

"एवढं सोडते हं," ती मला समजावत म्हणाली. "ते कामाचं नाहीये."

पंप चालू झाला. बाळ अजून टॅबकडेच बघत होतं.