अ‍ॅश्लीच्या पाण्याचा बँड

गिल्बर्टने गाल फुगवले, टॅबलेटच्या कडेला असलेल्या बारीक भोकावर तोंड धरलं आणि जीव खाऊन फुंकर मारली. ट्रम्पेट काही वाजला नाही. वरची कवळी मात्र सुटली, काचेवर टक्कन आपटली आणि सोफ्याखाली गेली.

"जोसे, कवळी!" तो बोबडं ओरडला.

जोसेफीन लाटणं हातात घेऊनच बाहेर आली आणि त्याच लाटण्याने तिने सोफ्याखालून कवळी ओढून काढली. "घे. फुंक अजून. आज कवळी गेली, उद्या डोळे बाहेर येतील."

"यात फुंकायचंच लिहिलंय गं. हे बघ ना, ट्रम्पेटचं चित्र आहे. तीन बटणं दाबायची आणि माइकमध्ये फुंकायचं."

"फुंकता आलं असतं तर खरा ट्रम्पेट काय वाईट होता?"

गिल्बर्टने कवळी पुसून तोंडात बसवली. फुंकता येत नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप चालला होता.

मरोळच्या गावठाणात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणतात. घरच्या बायका लुगडी नेसून, हंडे-कळशा घेऊन विहिरीवर जातात, आणि त्या पाण्याने नवरीला अंघोळ घालतात. पुढे बँड चालतो. आणि या गावठाणात बँड म्हणजे गिल्बर्ट. तसा तो आरेच्या डेअरीत बॉयलरवर पाळ्या करून निवृत्त झालेला माणूस, पण त्याची नोकरी कुणाच्या लक्षातच नव्हती. सगळ्यांच्या लेखी तो ट्रम्पेटवाला. बँडमधला मोठ्या ड्रमवाला देवाघरी गेला, क्लॅरिनेटवाला मुलाकडे कॅनडात गेला, एकाला ऐकू येईना. गिल्बर्ट तेवढा उरला होता, तर गेल्या वर्षी त्याचे पुढचे दात गेले. ट्रम्पेट ओठांनी वाजतो असं लोकांना वाटतं. ओठांमागे दात भक्कम लागतात, हे ते गेल्यावर कळतं. कवळीवर जोर दिला की ती हलायची आणि सुराऐवजी फुसकन हवा यायची.

आणि आता लग्न होतं त्याच्याच अ‍ॅश्लीचं. वसईहून बँड मागवता आला असता, जोसेफीनने नंबरही काढून ठेवला होता. पण पोरगी एवढीशी असल्यापासून तो तिला सांगत आला होता, "तुझ्या पाण्याला मी वाजवणार." गावातल्या सगळ्या पोरींसाठी वाजवलं आणि आपल्या पोरीच्या वेळी हात बांधून दुसऱ्याचा बँड ऐकायचा, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

मार्ग अ‍ॅश्लीनेच काढला. ती पवईला एका ऑफिसात होती. तिने आपला जुना टॅबलेट बापाच्या हातात ठेवला. "डॅडी, आता सगळं अ‍ॅपवर होतं. तू चाल बनव, आपण स्पीकरवर लावू. म्हणजे तूच वाजवल्यासारखं."

ते 'वाजवल्यासारखं' गिल्बर्टला लागलं. तरी त्याने टॅबलेट घेतला.

तिथून त्याच्या डोक्याचं भजं झालं. संगीताची अ‍ॅप एक का होती? बोटाने वर सरकवत राहिलं तरी यादी संपेना, आणि प्रत्येकाखाली चांदण्या काढलेल्या. एकात नुसते रंगीत चौकोन होते. चौकोन दाबला की आत कुणीतरी आधीच वाजवून ठेवलेलं वाजायचं. दुसऱ्यात पियानो होता, पण जरा सूर जुळला की रमीची जाहिरात ओरडत यायची. तिसऱ्याने काहीच वाजवायला सांगितलं नाही, फक्त काय हवं ते लिही म्हणालं. गिल्बर्टने अ‍ॅश्लीला विचारून विचारून लिहिलं, ट्रम्पेट, लग्न, गाव, विहीर. क्षणात गाणं तयार. ऐकून जोसेफीन म्हणाली, "हे कुठलं गाव रे? मेक्सिको?"

पुतण्या वेन साउंड भाड्याने द्यायचा. त्याला विचारलं तर गोंधळ दुप्पट झाला.

"काका, फ्री वाली घेऊ नकोस. आणि पेड वाली पण लगेच घेऊ नकोस, ट्रायल घे. पण ट्रायल बंद करायला विसरू नकोस."

"म्हणजे घेऊ की नको?"

"घे ना. पण कळून घे."

"ते कळत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं रे?"

शेवटी वेननेच एक अ‍ॅप शोधून दिलं. यात गुणगुणायचं, आणि आपण गुणगुणलेलं ट्रम्पेटच्या आवाजात परत येतं. गिल्बर्टने मान हलवली, विश्वास काही बसला नाही. मग घसा खाकरून पाण्याची चाल गुणगुणला. टॅबलेट जरा थांबला आणि ट्रम्पेट वाजू लागला.

जोसेफीन पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. गिल्बर्टचे डोळे भरून आले. त्याच्या घरात ट्रम्पेट वाजून वर्ष झालं होतं.

पण तो आवाज फार सरळ होता. चालीच्या मधे एक सूर होता, तो गिल्बर्ट खालून ओढत वर न्यायचा. अ‍ॅपने तो इस्त्री करून ठेवला होता. "हे सुधारतंय मला," तो वैतागून म्हणाला. "चाळीस वर्षं कुणी सुधारलं नाही." वेनने सेटिंगमध्ये कुठेतरी जाऊन ती सुधारणा बंद केली. मग अ‍ॅपने वेग विचारला.

"वेग काय? बायका चालतात त्या वेगाने."

"काका, त्याला आकडा लागतो. नाहीतर तू ठेका दे, ते मोजेल."

मग जोसेफीनला उभं केलं. डोक्यावर हंडा घेऊन ती बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि परत अशा फेऱ्या मारू लागली, आणि गिल्बर्ट तिच्या पायांकडे बघत काचेवर बोट आपटू लागला.

"लग्न पोरीचं आणि वरात माझी," ती म्हणाली. "झालं का?"

झालं. आकडा ठरला. वेगासाठी खाली एक पट्टी होती, तिच्यावर बोट ठेवून वेनने बजावलं, "आता हिला हात लावायचा नाही. वाट लागेल सगळी."

पाण्याच्या संध्याकाळी बायका दारात जमल्या. वेनने चाकांवरचा स्पीकर आणला होता. टॅबलेट गिल्बर्टने स्वतःच्या हातात ठेवला. ट्रम्पेट सुरू झाला तशी गल्ली टाळ्या वाजवू लागली. जाताना सगळं झकास जमलं. पाऊल आणि ठेका हातात हात घालून चालले होते. गिल्बर्ट मात्र कसनुसा झाला होता. वाजत होतं त्याचंच, आणि त्याला करण्यासारखं काही नव्हतं. लग्नघरच्या पाहुण्यासारखा तो आपल्याच बँडमागे चालला होता.

विहिरीवर प्रार्थना झाली, हंडे भरले. अ‍ॅश्लीनेही हौसेने तांब्याची कळशी डोक्यावर घेतली. परतीची पावलं पडली आणि गिल्बर्टला आपली चूक कळली.

जोसेफीनने घरात फेऱ्या मारल्या होत्या त्या रिकाम्या हंड्याने. भरल्या हंड्याची बाई त्या चालीने चालत नाही. आजवर हे त्याला कधी लक्षात ठेवावं लागलं नव्हतं, परतताना ट्रम्पेट आपोआप हळू व्हायचा. आता स्पीकर पुढे धावत होता. बायका ठेका गाठायला भराभर पाय उचलू लागल्या, पाणी खांद्यांवर हिंदकळू लागलं. एक म्हातारी धापा टाकत म्हणाली, "गिल्बर्ट, कुठे आग लागलीये का रे?"

"वेन! हळू कर!"

"थांब, बंद करून परत लावतो."

"बंद नाही करायचं! पाणी घरात पोचेपर्यंत बंद नसतं करायचं!"

त्याने पट्टीवर बोट ठेवलं आणि खाली ओढली. ट्रम्पेट एकदम मंदावला, रडका झाला. जरा वर ढकलली. आता बरं वाटलं. मग तो स्पीकर सोडून बायकांच्या बाजूने चालू लागला. डोळे त्यांच्या पायांवर, बोट पट्टीवर. चढ आला की बोट खाली, सपाट आलं की वर. कुठल्या अ‍ॅपमध्ये काय आहे, कशाला काय म्हणतात, सगळं तो विसरला. पाणी हिंदकळायचं थांबलं. वाटेतल्या क्रॉसपाशी अ‍ॅश्लीच्या पायात लुगड्याचा काठ आला आणि ती थबकली, तसा त्याने बोट पार खाली आणलं. सूर लांबत राहिला. तिने काठ सोडवला, पाऊल उचललं, मग सूर पुढे गेला.

घरी हंडे उतरले. लोक नाश्त्याकडे वळले. अ‍ॅश्लीची ऑफिसातली मैत्रीण श्रुतिका त्याला म्हणाली, "अंकल, गाणं मस्त होतं. कुठून डाउनलोड केलं?"

अ‍ॅश्ली भिजल्या केसांनी तशीच त्याच्यापाशी आली.

"डॅडी, मी क्रॉसपाशी अडकले तेव्हा सूर थांबला होता."

"हो का?"

"माझ्यासाठी थांबला होता." तिने त्याचा हात धरला. "वाजवलंस तू."

तेवढ्यात टॅबलेटने विचारलं, बदल सेव्ह करायचे का? वेन खांद्यावरून वाकून बघत होता.

"काका, हो दाब! उद्या रिसेप्शनला हेच लावू."

"रिसेप्शनला कोण हंडा घेऊन चालणार आहे?" गिल्बर्ट म्हणाला, आणि त्याने 'नाही'वर बोट ठेवलं. एरवी प्रत्येक बटणाआधी तो तीनदा विचारायचा. या वेळी त्याने कुणालाच विचारलं नाही.

वेनने कपाळावर हात मारला. गिल्बर्टने टॅबलेट त्याच्याकडे दिला. ओठांना त्याच्या आज काहीच लागलं नव्हतं, तरी बँड सुटल्यावर पुसायचा तसे त्याने ते बाहीने पुसले आणि तो पाहुण्यांना खुर्च्या द्यायला गेला.