लाइट भरेपर्यंत

लाल ठिपका अजून लागलेला नव्हता. जुन्या फ्लॅशच्या पाठीवर, बटणांच्या खाली, मसुरीच्या दाण्याएवढा तो ठिपका. तो पेटला की समजायचं, लाइट भरला, आता पुढचा फोटो काढायला हरकत नाही. ती आपल्या फोटो स्टुडिओत स्टुलावर बसून, हनुवटी तळहातावर टेकवून, त्याच्याकडे टक लावून बघत होती. आतून बारीक शिट्टीसारखा आवाज चढत होता, मध्येच दम लागल्यासारखा अडखळत होता, पुन्हा चढत होता... पूर्वी हा आवाज सुरू होतो न होतो तोच संपायचा. आता एका फोटोनंतर दुसऱ्यासाठी थांबायचं, म्हणजे माणसाने तेवढ्यात सगळं बालपण आठवून घ्यावं. लागला! ठिपका लागला, आणि तिला उगाचच हसू आलं. गुणाचा गं माझा बाबा तो, असं ती चक्क मोठ्याने म्हणाली. बाबा कसला, चांगला म्हातारा होता तो. अंगाचं प्लास्टिक पिवळं पडलेलं, कोपऱ्याला चिकटपट्टी, आणि तीसुद्धा आता सुटत आलेली.

शेजारच्या स्टँडवर नवा फ्लॅश उभा होता. काळा, आटोपशीर, मुकाट. दुकानदाराने वापरून बघायला म्हणून दिलेला, आणि आज संध्याकाळी दुकानाचा माणूस येणार होता, एकतर होकार न्यायला नाहीतर लाइट परत न्यायला. दुरुस्तीवाल्यालाही आजच कळवायचं होतं. त्याने जुन्याला उघडून, आत फुंकर मारून, नाक मुरडून सांगितलं होतं, "वीज साठवणारा कपॅसिटर थकलाय, ताई. एक आहे माझ्याकडे पडलेला, तो बसवतो. पण हा शेवटचा. पुढच्या वेळी पार्ट मिळाला नाही तर माझ्या नावाने बोटं मोडू नका."

"आणि बसवल्यावर?"

"बसवल्यावर काय! पहिल्यासारखा झटपट भरेल. डोळ्याची पापणी लवेपर्यंत तयार."

त्यावर ती जे बोलली होती ते आठवलं की अजून तिचे कान गरम होत. ती म्हणाली होती, "थोडा हळूच भरेल असा नाही का करता येणार?" दुरुस्तीवाल्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला होता, तिच्याकडे नीट निरखून बघितलं होतं, आणि मग फार समजुतीच्या आवाजात विचारलं होतं, "ताई, बरं आहे ना सगळं?"

बरं होतं की. पण त्याला सांगायचं कसं? सांगायचं म्हणजे... हा लाइट तरुण होता तेव्हा तिने काढलेले फोटो इतरांसारखेच यायचे. स्वच्छ, ताठ, पावडर लावलेले. मग हा हळूहळू म्हातारा होत गेला, त्याला भरायला वेळ लागायला लागला, आणि त्या रिकाम्या वेळात समोरच्याकडे नुसतं बघत कसं बसायचं म्हणून ती बोलायला लागली. काहीबाही. बूट नवे का, दात कधी पडला, बायको एवढी का रागावलीय. माणसं फोटोसाठी चेहरा घट्ट धरून बसायची, लाइट काही भरायचा नाही, धरून धरून तरी किती धरणार... आणि चेहरा सुटायचा. कुणी कान खाजवायचं, कुणी स्वतःशीच गुणगुणायचं. एका करड्या न्यायाधीशबाईंनी तर थांबता थांबता शेजाऱ्याच्या मांजराची अशी काही नक्कल केली होती की बस! नेमका तेव्हा ठिपका लागायचा, आणि तिचं बोट बटणावर पडायचं. लोक म्हणायला लागले, हिच्या फोटोत माणूस जिवंत येतो. लांबून लांबून लोक यायला लागले. नवरा म्हणायचा, "स्टुडिओत जिभेवर मध, आणि घरी यायच्या आत तो संपतो!" पण कौतुक ऐकताना तिच्या मनात एक बारीकसं कुसळ टोचत राहायचं — ह्यात मी काय केलं? थांबायला लावतो तो लाइट. मी आपली थांबते.

म्हणजे दुरुस्त केला तरी ते जाणार, नवा घेतला तरी ते जाणार. आणि तसाच ठेवावा, तर हल्ली तो पेटायचाच नाही कधी कधी.

"आई, आज ठरवाच," सून संगणकामागून म्हणाली. फोटो नीटनेटके करायचं काम तिचं, आणि सासूचा गुडघा दुखेल त्या दिवशी कॅमेराही तिच्याकडे. "तुमचं ठीक आहे, तुम्ही गप्पा मारता. माझ्यासमोर तो लाइट रुसला की माणूस घड्याळ बघतो आणि मी माझे पाय."

तेवढ्यात दार ढकलून दोघी बहिणी आत आल्या. दोघींचे केस पांढरेशुभ्र, दोघींच्या गळ्यात चष्म्याची साखळी. थोरली सांगायला लागली की दोघी दोन टोकांना राहतात, लहानपणानंतर एकत्र असा फोटोच नाही, आणि आता दोघींपैकी कुणाचा कधी नंबर लागेल... धाकटीने तिला कोपराने ढोसलं. "माझा नाही एवढ्यात. तुझं तू बघ."

तिने नवा लाइट लावला. एकदा नीट बघू तरी, म्हणून. पहिला फोटो, आणि लाइट तयार, दुसरा, तयार, तिसरा, चौथा... खरं सांगायचं तर मजाच आली, उतारावर सायकल सोडावी तशी. सुनेने पडद्यावर बघून मान डोलावली. झकास, एकदम झकास. आणि थोरलीने विचारलं, "झालं? एवढ्यात?"

पडद्यावर दोघी बहिणी ओळखपत्रावरच्यासारख्या बसल्या होत्या. डोळे उघडे, ओठ मिटलेले, कुठेही एक सुरकुती जागची हललेली नाही. म्हणजे खरंच ते सगळं त्या पिवळ्या डब्याचंच होतं तर. मी म्हणजे बटण दाबणारं एक बोट.

"एक ह्याच्यावर काढू," ती म्हणाली, आणि सुनेच्या उसाशाकडे दुर्लक्ष करून तिने जुना जोडला. पहिला फ्लॅश पडला. मग ती बारीक शिट्टी, तो दम... बहिणी बसून राहिल्या. जरा वेळाने धाकटी म्हणाली, "तुला आठवतं, तू मला हौदात ढकललं होतंस?"

"मी? तूच पडलीस. पाय घसरून."

"घसरून! तुझा हात माझ्या पाठीवर होता!"

"अगं, तो धरायला होता!"

"अस्सं, म्हणून मागून धरलास?" आणि थोरलीचा चेहरा असा काही उघडा पडला, चोरी पकडलेल्या मुलीसारखा, आणि मग दोघी हसायला लागल्या, वाकून, एकमेकींच्या गुडघ्यांवर हात आपटत. ठिपका लागला. तिने बटण दाबलं.

काही झालं नाही. लाइट पेटलाच नाही.

"आई, काळा आला," सून म्हणाली. "पूर्ण काळा."

हळहळ वाटायला हवी होती. ती वाट बघत राहिली हळहळ येण्याची, पण आत काहीतरी भलतंच उकळत होतं. बहिणी अजून हसत होत्या, थोरली चष्मा काढून डोळे पुसत होती, आणि ते सगळं तिने पाहिलं होतं, पुरतं पाहिलं होतं, कुठल्याच लाइटशिवाय. तिलाही हसू फुटलं. मग तिने जुन्याच्या पाठीवर एक हलकी चापट मारली आणि पुन्हा नवा जोडला. तो तयारच होता. तो केव्हापासूनच तयार होता.

तिचं बोट मात्र हललं नाही.

हसणं ओसरलं. बहिणी सावरून बसल्या, चेहरे पुन्हा घट्ट झाले, ती कॅमेऱ्यामागे तशीच उभी. काही बोलावंसंही वाटेना. खोलीत आता शिट्टी नव्हती, सबब नव्हती. इतकी वर्षं सांगायला बरं होतं, लाइट भरतोय हं, जरा थांबा...

"कशासाठी थांबलाय?" थोरलीने विचारलं.

"कशासाठीच नाही," ती म्हणाली. "बसा निवांत. मला घाई नाही."

थोरली गोंधळली. धाकटीकडे वळली, काय बाई आहे ही, असं डोळ्यांनी विचारायला, आणि वळता वळता तिला धाकटीची कॉलर मुडपलेली दिसली. तिने ती सरळ केली. हात तिथेच राहिला, मानेपाशी, आणि धाकटीने मान किंचित तिरकी करून तो हात गालाखाली धरला. हौदाच्या वेळी हात कुठे होता ते आता दोघींनाही विचारायचं नव्हतं.

फोटो निघाला. पडद्यापाशी सून खुर्ची पुढे ओढून बघू लागली.

मी थांबले, ती मनाशी म्हणाली. लाइट नाही, मी! आणि तिला इतका आनंद झाला, इतका पोरकट, नाचरा आनंद, की तिने तो लपवायला कॅमेऱ्याची पट्टी उगाच दोनदा सोडली आणि दोनदा बांधली.

बहिणी भांडत भांडत गेल्या. ऊन तिरपं होऊन जमिनीवर, वायरींच्या गुंत्यावर आलं. सून फोन हातात घेऊन दारात उभी राहिली. "दुरुस्तीवाल्याचा फोन येऊन गेला. दुकानाचा माणूसही निघालाय. काय सांगायचं?"

तिने तोंड उघडलं. सकाळपासून ती हाच प्रश्न टाळत होती. आता दोन्ही उत्तरं जिभेवर शेजारी शेजारी बसली होती, आणि दोन्हींत भिण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. दुरुस्त कर म्हणावं... त्याच्या उजेडाचा तो मऊपणा हाताला माहीत आहे. नवा ठेव म्हणावं... ह्या पोरीला पाय बघत उभं राहावं लागणार नाही. आणि थांबणं, ते तर हिलाही शिकवता येईल की. का नाही येणार?

सून उत्तराची वाट बघत होती. आधी तिचा चेहरा कामाचा होता, आवळलेला. उत्तर येईना तसा तो थोडा सैल झाला. एक भुवई वर गेली, ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि त्या सगळ्याच्या मागून एक खट्याळ, जराशी दमलेली, फार गोड मुलगी बाहेर येऊ लागली. ही कोण? हिला मी रोज बघते? एकाच स्वयंपाकघरात, एकाच टेबलाशी, इतकी वर्षं... आणि एवढा वेळ कधी दिला नाही.

"आई? काय बघताय?"

"तुला."

सुनेच्या हातातला फोन वाजायला लागला. तो वाजत राहिला, आणि दोघींपैकी एकीलाही घाई नव्हती.