राणीच्या डोक्यावरची कोंबडी

"सर, या बाईच्या डोक्यावर कोंबडी का बसलीय?"

हा प्रश्न माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. वर्गातल्या नाझिश आणि कश्मिराने मला डेअर दिलं होतं. इथे आखातात, आमच्या शहरातल्या सीफ भागातल्या हॉटेलात जुन्या चिनी मूर्तींचं प्रदर्शन भरलंय, तिथे सगळ्यांसमोर हात वर करून हे मोठ्याने विचारायचं. विचारलं तर शावरमा त्यांच्याकडून. नाही विचारलं तर महिनाभर दोघींच्या बॅगा मी वाहायच्या. गेल्या वर्षीची सॅब्रिना, म्हणजे मीच, असती तर तिने मुकाट्याने बॅगा उचलल्या असत्या. ती हजेरीलासुद्धा पुटपुटायची. पण यंदा डिबेटमध्ये मी एका मुलाला खरोखर रडवलंय, तेव्हापासून माझा हात आपोआपच वर जातो.

आमच्या मिसनी डोळे मिटून घेतले. आणि रहिमतुल्ला सर, म्हणजे या सगळ्या मूर्ती ज्यांच्या आहेत ते, माझ्याहून जोरात हसले.

"बेटा, वो मुर्गी सुनेगी तो बुरा मानेगी!"

तो म्हणे फिनिक्स. चीनमध्ये तो महाराणीचा पक्षी. मुकुटावर फिनिक्स दिसला की समजायचं, ही साधीसुधी बाई नव्हे. आणि तिच्या शेजारी लांब दाढीवाला उभा होता तो सम्राट. त्याच्या छातीवर ढगांतून वळवळणारा ड्रॅगन. पंजाला पाच नख्या असल्या तर सम्राटाचा, बाकीच्या सरदारांनी चारांवर भागवायचं. सम्राटाच्या हातातली उभी पट्टीसुद्धा दरबारी मानाची खूण. या मूर्ती राजवाड्यातल्या नव्हत्या. बंदरातले कारागीर त्या बोटीवरच्या लोकांना विकायला बनवायचे, पण राजेपणाची एकही खूण सोडायचे नाहीत.

"और हमेशा जोडी," सर म्हणाले. "एकाच लाकडातून. खाली बघ, लाट त्याच्या पायाशी सुरू होते आणि तिच्या पायाशी संपते."

इथे माझं हसू थांबलं. कारण ही कोंबडी मी रोज बघते. आमच्या घरी. आल्तारावर.

आमच्याकडे तिला पवित्र मरिया म्हणतात. डोक्यावर पवित्र आत्म्याचं कबूतर. पणजोबा वसईहून बोटीवर बटलर म्हणून गेले होते, त्यांनी हाँगकाँगहून दोन लाकडी मूर्ती आणल्या आणि दोन मुलांना एकेक दिली. मरिया आली माझ्या आजोबांकडे. दुसरी गेली त्यांच्या भावाकडे, आणि आता ती इथेच हिद्दला राहणाऱ्या कीथ अंकलकडे, म्हणजे डॅडींच्या चुलतभावाकडे असते. संत जोसेफ. लांब दाढी. हातात सुताराची फळी. छातीवर रंध्यातून निघालेल्या कुरळ्या साली.

मी मूर्तींच्या काचेच्या पेटीपलीकडे पाहिलं. पलीकडे रिचेल उभी होती. कीथ अंकलची रिचेल, माझ्याच शाळेतली, दुसऱ्या तुकडीतली. तिचा हात तोंडावर होता आणि डोळे सम्राटाच्या हातातल्या फळीवर.

"तुझा जोसेफ!" मी काचेतून ओठांनीच म्हटलं.

"तुझी मरिया!" तिने केलं.

आणि आम्ही दोघी जे सुटलो! रिचेल खाली बसली. मला उचकी लागली. मिसनी आम्हाला बाहेर लॉबीत काढलं, तर तिथे आम्ही आणखी हसलो, मग एकमेकींना मिठी मारली आणि मग अचानक कळलं की दोन वर्षांत पहिल्यांदाच मारतोय.

कारण आमची भांडणं आहेत. म्हणजे आमच्या बापांची. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या गोठ्यासाठी कीथ अंकलने मरिया मागितली, तर डॅडी म्हणाले, "आमची पणजोबांच्या बोटीवरची आहे, तुझ्या त्या दुकानातून विकत घेतलेल्या जोसेफशेजारी शोभायची नाही." अंकल म्हणाले, दुकानातली तुझीच. मग ताटातली बिर्याणी तशीच राहिली, आणि तेव्हापासून हिद्दचं नाव काढायचं नाही. मला जोसेफशी देणंघेणं नव्हतं. मला रिचेल हवी होती. शाळेच्या कॉरिडॉरमध्ये चोरून "हाय" म्हणणारी नाही, अख्खी.

"घरी गेल्या गेल्या पायाचा फोटो पाठव," मी म्हटलं. "जोसेफच्या. तुझ्या नको."

फोटो आला, अख्ख्या जोसेफचा. छातीवरच्या सालींमध्ये पंजा, नख्या पाच! खाली लाट, उजव्या कडेला अर्धवट तुटलेली.

संध्याकाळी डॅडी मीना सलमान बंदरातल्या ऑफिसातून आले, मम्मीची हॉस्पिटलची शिफ्ट संपली, आणि मी दोघांना सोफ्यावर बसवून सगळं सांगितलं. डिबेटमध्ये सांगतात तसं, उभं राहून.

"कोण म्हणतो?" डॅडी.

"रहिमतुल्ला सर."

"त्यांना आपल्या संतांचं काय माहीत?"

"काहीच नाही. म्हणून तर त्यांनी कोंबडी ओळखली!"

"सॅब्रिना!" मम्मी ओरडली. मग आल्ताराकडे वळून म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं मेणबत्ती कुणापुढे लावतेय?"

"महाराणीपुढे."

मला वाटलं, आता गेली मूर्ती कपाटात. पण मम्मी जवळ गेली, कोंबडीवरची धूळ ओढणीने पुसली. कपाळाला आठ्या. मग त्या हळूहळू सुटल्या.

"तुझ्या वेळी लेबर रूममध्ये मी जिला हाक मारली, तिने ऐकलं होतं," ती म्हणाली. "आपल्याला कोण बोलावतंय ते तिला कळतं. मूर्तीच्या डोक्यावर काही का बसेना. आणि आपण तिला स्वर्गाची राणीच म्हणतो ना? मग ही पण राणीच."

"आणि मुकुट बघ की," मी म्हटलं, "व्हॅटिकनमध्ये मिळेल का असला?"

मम्मीला हसू फुटलं. तेवढ्यात डॅडींनी माझ्या हातातून फोन ओढला. मूर्तीचा पाय बघितला, फोटो मोठा केला, परत पाय. फोन मूर्तीच्या डाव्या बाजूला धरला.

लाट जुळली.

डॅडींनी फोन काढून परत लावून बघितला. त्यांचे कान लाल झाले होते.

"म्हणजे त्याची दुकानातली नाही," ते शेवटी म्हणाले.

"आणि आपलीही नाही. कॉर्नेलियस, दोघं एकाच बोटीने आलेत," मम्मी म्हणाली. "आता लाव फोन कीथला."

"मी? तो काय काय बोलला ते विसरलीस? आधी त्याने करावा."

तेवढ्यात डॅडींच्या हातातच माझा फोन वाजला. रिचेलचा मेसेज. त्यांनीच वाचला आणि ते आणखी लाल झाले. 'पप्पांनी पण लाट बघितली. म्हणतात, कॉर्नेलियसने आधी फोन करावा.' खाली डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे बारा चेहरे.

"बघ!" डॅडी म्हणाले. "खलास. मी नाही करणार."

मी आल्ताराकडे पाहिलं. बिचारी महाराणी. तिकडे नवरा हातात फळी घेऊन सुतारकाम करतोय, इकडे ही डोक्यावर कबूतर सांभाळतेय, आणि यांचं आधी कोणी फोन करायचा तेच ठरत नाहीये! मला परत उचकी लागली, पण या वेळी मी सरळ उभी राहिले, मम्मीची मऊ ओढणी घेतली आणि राणीला तिच्यात गुंडाळायला लागले.

"मी ठरवलंय," मी म्हटलं. "फोन कोणीच करू नका. शुक्रवारी चर्चमधली मिस्सा झाली की महाराणी माझ्या मांडीवर बसून हिद्दला जाणार आहे, आणि तिला आणि जोसेफला शेजारी उभं करून मी आणि रिचेल जेवणार आहोत. तिथे किती पानं मांडायची तेवढंच कळवायचं बाकी आहे. डॅडी, गाडी तुम्ही काढताय की मी टॅक्सी बोलवू? यल्ला, पटकन सांगा."