गच्चीवरचे फौजी कांबळे

मित्रांनो, मी एक जुने फौजी कांबळे आहे. रंगाने राखाडी, अंगाने खरखरीत. गिरणीत मला विणले आणि महूच्या छावणीत किसन नावाच्या शिपायाच्या हाती दिले. डोंगरातल्या ठाण्यांवर मी त्यांना ऊब दिली. एकदा त्यांनी मला तापाने फणफणलेल्या सोबत्यावर घातले आणि स्वतः शेकोटीपाशी बसून राहिले. असा माझा धनी होता.

निवृत्तीनंतर किसन इंदूरला अन्नपूर्णा भागात घर बांधून राहिले. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने, कांताबाईंनी, मला कडुलिंबाची पाने घालून लोखंडी पेटीत ठेवले. अधूनमधून त्या मला ऊन दाखवत, हात फिरवत आणि पुन्हा झाकण लावत. माया होती, काम मात्र नव्हते. कसर माझ्या कडा कुरतडू लागली.

त्यांची नात दीक्षा बँकेत नोकरी करते. तिने गच्चीवर भाज्या लावल्या. पहिल्याच हिवाळ्यात टोमॅटो फुलावर असताना पाला पडला, म्हणजे रात्री दंव गोठले. सकाळी झाडे उकडल्यासारखी काळवंडलेली. पोरगी जिद्दीची! माळव्यात थंडी कधी चढते, कधी उतरते, हे तिने जुन्या माळ्यांना विचारून घेतले. पुढच्या वर्षी टोमॅटोचे बी पावसाळ्यातच पेरले, म्हणजे कडाक्याआधी फळ धरेल. पालक, मुळा, गाजर उघड्यावर. मिरची दिवसभर तापणाऱ्या भिंतीला लागून. भेंडी, गवारीचे बी थंडी सरेपर्यंत डब्यातच.

झाडे लगडली. पण फळे पिकायच्या आतच थंडीची लाट आली.

"आजी, आसमान एकदम साफ आहे, हवा पण बंद. आज पाला पडणार," दीक्षा म्हणाली. "चादरी मिरच्यांनाच पुरल्या. टोमॅटो उघडे राहतील."

कांताबाई उठल्या आणि त्यांनी पेटी उघडली.

"राहू दे ना, आजी. आजोबांचं आहे ते. मातीत खराब होईल."

"खराब तर पेटीत पण होतंय, बेटा. त्यांना ते ठंडीसाठीच मिळालं होतं ना? धर तिकडून."

दिवस मावळायच्या आत दोघींनी मला काठ्यांवर ताणले. खाली ओल्या मातीची ऊब, वर बोचरी हवा. किती वर्षांनी मी पुन्हा पहाऱ्यावर होते!

सकाळी माझ्या पाठीवर पांढरा थर साचला होता. ऊन चढल्यावर दीक्षाने मला उचलले. खाली पाने हिरवीगार होती. कांताबाईंनी एक तांबूस टोमॅटो तोडला आणि तिथेच खाल्ला. "आंबट आहे," त्या म्हणाल्या आणि दुसरा तोडला.

आता माझ्या कुरतडलेल्या कडांना त्यांच्या जुन्या लुगड्याची पट्टी लावली आहे. मित्रांनो, आवडत्या माणसाची वस्तू जपून ठेवू नका. जपून वापरा.