आतला पत्रा

हसू नका हां, आधीच सांगते. आणि मधे बोलू नका, नाहीतर मी अर्ध्यातच गप्प बसेन आणि पुन्हा कधी सांगायचं धाडस व्हायचं नाही.

तर काकाची ती जुनी गाडी माहितीये ना? गोल दिव्यांची, बाबांपेक्षाही वयाने मोठी. तिचं इंजिन उस्तादांनी आठ महिने खपून पुन्हा बांधलं. उस्ताद म्हणजे काकाच्या ऑफिसमागच्या गल्लीत गॅरेज आहे ते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून डाव्या हाताची पकड कमी झालीये. सगळे म्हणत होते, आता कसलं इंजिन बांधतायत! काका म्हणाला, बांधतील तर तेच. आणि बांधलं की! पहिल्या किल्लीला सुरू. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला तर डचमळणार नाही, इतकं गुळगुळीत.

राहिलं काय, तर टॅपेट कव्हर. अरे, इंजिनाच्या डोक्यावरचं ते ॲल्युमिनियमचं झाकण. बॉनेट उघडलं की पहिलं तेच दिसतं. रंगाचे पोपडे, तेलाचे डाग, कळकट नुसतं. आणि आठवड्यावर जुन्या गाड्यांचं संमेलन. मी म्हटलं, "काका, हे मी करते."

"येतं तुला?"

"त्यात काय एवढं!" चार व्हिडिओ बघितले होते ना मी. उथळ पाण्याला खळखळाट फार.

पहिल्या दिवशी रंग काढायचं औषध लावलं, ब्रशने घासलं. अर्धा दिवस गेला, बोटांची सालं निघाली आणि खाचांतला रंग मात्र ढिम्म हलेना. मग मी काय केलं, कोणाला न सांगता ते उचललं आणि खिडक्यांच्या जाळ्या रंगवणाऱ्याच्या कारखान्यात नेलं. तिथे काचेचे बारीक मणी हवेच्या जोराने मारून रंग उडवतात, दहा मिनिटांचं काम. त्या माणसाने कव्हर उलटं करून बघितलं. "आत पत्रा आहे, रिव्हेट मारलेला. हा काढून आण. त्याच्यामागे मणी गेले तर निघत नाहीत."

आता रिव्हेट काढायचे म्हणजे उस्तादांकडे जा, त्यांना सगळं सांगा. मी म्हटलं, "धुऊन काढीन मी."

"बघ बाई, तुझं तू."

घरी बाथरूममध्ये तीनदा धुतलं. साखरेसारखे मणी निघत राहिले, मग थांबले. कानाशी धरून हलवलं तर आत सर्र असं बारीक वाजलं. पाणी असेल, म्हटलं. खरं सांगू? पाणी असं वाजत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग सुरकुत्यांचा काळा रंग. तो तीन थरांत, आडवा-उभा मारायचा आणि तापवायचा, की आपोआप बारीक सुरकुत्या पडतात. मी आईच्या ओव्हनमध्ये तापवला. घरभर वास! आई म्हणाली, "यापुढे यात केक केलास तर गाडीलाच खाऊ घाल." पण काय सुंदर दिसत होतं रे! वरच्या कडा घासून चांदीसारख्या काढल्या, मधे काळं. संमेलनात लोक बॉनेटमध्ये वाकून वाकून बघत होते. कोणीतरी विचारलं, "हाताने घासलं?" काका अभिमानाने माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "हो, दोन दिवस."

परत येताना इंजिन ठोकायला लागलं. आधी टक्‌ टक्‌, मग खडखड. गाडी दोर लावून ओढत नेली.

उस्तादांनी खालून इंजिन उघडलं तेव्हा टॉर्च मी धरला होता. बेअरिंगवर ओरखडेच ओरखडे, कोणी सुईने ओढल्यासारखे. काकाचा तोल गेला. तिथे एक टॅक्सीवाला आपलं इंजिन बांधायला द्यायचं म्हणून आला होता, त्याच्या देखत काका म्हणाला, "उस्ताद, जमत नव्हतं तर सांगायचं होतंत! आठ महिने थांबलो मी!"

उस्ताद आवाज चढवतील असं वाटलं. ते हळूच म्हणाले, "सिलिंडर घासल्यावरची भुकटी धुवायची राहिली असेल. हाताला पूर्वीसारखं कळत नाही आता." मग माझ्याकडे वळले. "पोरी, कव्हर कशाने साफ केलं होतंस?"

"औषधाने. आणि ब्रशने."

त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला हो! पुन्हा विचारलंसुद्धा नाही. माझ्या हातातला टॉर्च हलत होता, तर म्हणाले, "दमलीस का? ठेव खाली."

नऊ दिवस मी गप्प. नवव्या दिवशी जेवताना काका म्हणाला, "उस्तादांनी इंजिनांचं काम सोडलं. मोजायची हत्यारं विकायला काढलीत म्हणे." मी ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजवर गेले. दारातच उभं राहून सगळं ओकले. उस्तादांनी हात पुसले. कव्हर घेतलं, शिकंज्यात धरलं, ड्रिल उचललं. डाव्या हाताची पकड सुटत होती. "मी करू?" म्हटलं तर "राहू दे." एकेक रिव्हेट उडवला, पत्रा निघाला, वर्तमानपत्रावर कव्हर आपटलं. चमचाभर मणी पडले; बाकीचे तेलाबरोबर खाली बेअरिंगपर्यंत गेले होते. त्यांनी चिमूट घेऊन बोटांत चोळली, किती वेळ.

"नऊ दिवस," ते म्हणाले, "मी तो इंजिनाचा ब्लॉक मनातल्या मनात धुतोय. कुठे चुकलं, कुठे चुकलं."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी काकाला फोन करून बोलावलं, त्याच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं. काकाचा चेहरा पडला. त्याने हात जोडले, "उस्ताद, मी काय बोलून बसलो..."

"साहेब, मला नका सांगू. मला माहितीये आता. त्या टॅक्सीवाल्याला माहीत नाही." काका निघाला, तर उस्तादांनी त्याला थांबवलं. "तुम्ही नको. हिला जाऊ दे."

टॅक्सीस्टँडवर तो आपल्या टॅक्सीची काच पुसत होता. मी एका दमात सांगितलं. चार ड्रायव्हर ऐकत होते. तो म्हणाला, "असं होय! अरेरे, बिचारे उस्ताद."

"मग तुम्ही इंजिन आणाल ना त्यांच्याकडे?"

"ते दिलं गं दुसरीकडे. उतरवलंसुद्धा त्यांनी." आणि पुन्हा काच पुसायला लागला.

परत येईपर्यंत माझ्या जिभेवर तयारच होतं बघा, 'येतो म्हणाला'. उस्ताद गाडीखाली होते. तिथूनच विचारलं, "काय म्हणाला?"

"दुसरीकडे दिलं म्हणाला."

"हं."

खालून पान्याचा आवाज सुरू झाला. मी तिथेच उभी. जा म्हणाले नाहीत, थांबही म्हणाले नाहीत.