तारळेकरांच्या तलावाचं अस्तर

चौथा नमुना पाहून विश्वासराव तारळेकर ‘बघू’ म्हणाले आणि बंगल्यामागे खणलेला पोहण्याच्या तलावाचा खड्डा आणखी दोन फूट खाली गेला. खड्ड्यात टेप धरून उभ्या असलेल्या कुमुदताईही तेवढ्याच खाली गेल्या.

“किती झालं?” लायनरवाल्या खामकरांनी वरून विचारलं.

“साडेबारा,” कुमुदताई म्हणाल्या. खामकरांनी वहीत लिहून घेतलं.

सकाळी खड्डा साडेचार फूट होता. कुमुदताईंच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं, तेव्हा तलाव बांधायचं त्यांनीच ठरवलं, गवंडीही त्यांनीच शोधला. राहिलं होतं ते आतून ताणून बसवायचं व्हिनाइलचं अस्तर, म्हणजे लायनर. मापं द्यायला त्या स्वतःच शिडीने उतरल्या आणि उतरता उतरता नवऱ्याला म्हणाल्या, “रंग मात्र या वेळी तुम्ही ठरवा. मला विचारू नका.” घोडं अडलं ते इथेच.

विश्वासराव स्वभावाने गरीब. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोच्या शब्दाला कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि लोक त्याला चांगुलपणा समजत. शर्ट, सोफा, मुलीचं स्थळ, सगळं कुमुदताईंनी पसंत केलेलं. सोफा टोचायला लागला तेव्हा ‘तूच घेतलास’ म्हणायची सोय मात्र विश्वासरावांनी राखून ठेवली होती.

खामकर एकेक नमुना ओला करून मांडीवर पसरत होते. कोरडा रंग खोटा, असं त्यांचं म्हणणं. आकाशी झाला, मोझॅकचा झाला, वाळूच्या रंगाचा झाला.

“तुम्ही काय सुचवाल?” विश्वासरावांनी विचारलं, आणि खड्डा फूटभर खाली गेला.

“मी काय, सगळेच चांगले म्हणणार,” खामकर म्हणाले.

विश्वासरावांनी नागपूरला मुलीला फोन लावला. “आईला विचारा ना बाबा,” ती म्हणाली. तीन फूट गेले. कुंपणावरून शेजारच्या पोतनिसांना विचारलं. पोतनीस म्हणाले आकाशी, त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या आकाशी अजिबात नको, आणि त्यांची जुंपली तेवढ्यात खड्डा दहा फूट खचला. तळाशी उभी असलेली शिडी आता वरून कंगव्याएवढी दिसत होती. विश्वासराव उठले, बसले, पुन्हा उठले. नमुने पुन्हा पहिल्यापासून चाळायला लागले आणि प्रत्येकापाशी ‘हाही वाईट नाही’ म्हणत गेले.

खड्ड्याला खोल जायला लागणारी जागा अंगणातून जात होती आणि अंगण आक्रसत होतं. आधी फाटक जवळ आलं. मग मेंदीचं कुंपण येऊन खुर्चीच्या पाठीला टेकलं. खामकर आणि विश्वासराव गुडघ्याला गुडघा लावून बसले होते, आणि नमुना उलगडायचा तर दोघांपैकी एकाला हात वर धरावा लागत होता.

“अहो,” खालून आवाज आला. “सत्तेचाळीस झालं. टेप पन्नासचीच आहे.”

“टेप संपली तर काय?” विश्वासरावांनी खामकरांना विचारलं.

“टेप संपली की माप नाही. माप नसलेला खड्डा आम्ही धरत नाही.”

“आणि आत माणूस असलं तर?”

“खड्डाच नाही म्हटल्यावर आत कुठून आलं साहेब?”

कुमुदला आवडणारा रंग सांगून टाकावा, असं विश्वासरावांनी ठरवलं. तो कोणता, हे त्यांना आठवेना. सगळ्या रंगांच्या साड्यांत तिला पाहिलं होतं. आवडती कोणती ते कधी लक्षात आलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. एवढ्या वर्षांत वाटली नव्हती एवढी वाटली.

गठ्ठ्याच्या तळाशी गर्द हिरवा तुकडा होता.

“तो राहू द्या,” खामकर म्हणाले. “पाणी शेवाळलेलं दिसतं म्हणून कोणी घेत नाही.”

विश्वासरावांना तो आवडला. दुसऱ्या कोणाला आवडेल की नाही याचा विचार न करता आवडला, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

“हाच,” ते म्हणाले.

खड्डा थांबला. “बरं झालं,” खालून कुमुदताई म्हणाल्या. “सुटले.”

“आता वर ये,” विश्वासराव काठावरून वाकून म्हणाले. त्यांना रडू येत होतं. पण तेवढ्यात तुकडा खामकरांच्या मांडीवरून घसरला आणि पसरत पसरत खाली गेला. पाठोपाठ तळ वर आला, बरोबर साडेचार फुटांवर. लायनर चारही कोपऱ्यांत चापून बसला होता. कुमुदताई त्याच्या खाली होत्या.

“आधी तिला वर येऊ द्यायचं ना,” विश्वासराव म्हणाले.

“मापं बाईंनीच दिली, आत उभं राहून. त्यांना धरूनच लायनर आलाय साहेब. त्या निघाल्या तर सैल पडेल.” खामकरांनी नळ सोडला. “पाण्याच्या वजनाने आणखी बसतो. चपला काढून उतरा.”

विश्वासराव उतरले. लायनरखालून एक तळहात सुरकुत्या सारत फिरत होता, चादर सारखी करावी तसा, मधून कडेकडे. त्यांनी गुडघे टेकून त्यावर आपला हात ठेवला. ऊब लागली.

“कुमुद, तुला कोणता आवडला असता?” त्यांनी विचारलं. निर्णय तिच्या गळ्यात टाकायला नव्हे, नुसतं कळावं म्हणून त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं.

तळहात थांबला. खालून कुमुदताई बोलू लागल्या. बराच वेळ बोलल्या. लायनर चांगला जाड होता.

पाणी वाढलं तसे विश्वासराव उभे राहिले आणि त्यांनी तळहातावर पाऊल अलगद टेकवलं. तो निसटला आणि कोपऱ्यातल्या एका सुरकुतीकडे निघाला. छातीपर्यंतच्या पाण्यात, पायाने चाचपत, विश्वासराव त्याच्या मागोमाग चालू लागले.